बाय्दो वुकास: वर्ल्ड कपमध्ये एकही गोल नसलेला थोर आघाडीपटू

15 जुलै 1952, हेलसिंकी. ऑलिंपिक फुटबॉलची प्राथमिक फेरी, युगोस्लाव्हिया विरुद्ध भारत. दुसऱ्याच मिनिटाला युगोस्लाव्हियाच्या सेंटर फॉरवर्डने पहिला गोल केला. सामना संपला तेव्हा फलक 10-1 दाखवत होता. आपला एकमेव गोल अहमद खानने अगदी शेवटी, 89व्या मिनिटाला केला. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळत होते, थंडी होती, आणि या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. आपल्याकडे या सामन्याची आठवण निघते ती एवढीच. तो पहिला गोल कोणाचा होता, हे सहसा कोणी विचारत नाही.

तो होता बर्नार्ड वुकास, टोपणनाव बाय्दो. झाग्रेबमध्ये जन्मलेला, स्प्लिटच्या हायदुक क्लबचा. क्रोएशियात, म्हणजे तेव्हाच्या युगोस्लाव्हियाच्या एका भागात, 'आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण' हा वाद रंगला की शुकेर, बोबान, मॉड्रिच यांच्या पंगतीत जुन्या पिढीची माणसं याचं पान मांडतातच. आणि आकडे पाहिले तर गोंधळ उडतो. राष्ट्रीय संघाकडून 59 सामने, 22 गोल. दोन वर्ल्ड कप खेळला, त्यांत गोल शून्य. आघाडीपटूचं मोठेपण गोलांवर मोजायची सवय असलेल्याला हे पटणं अवघड. म्हणून हा माणूस नेमकं काय करत होता, ते जरा बारकाईने पाहू.

आधी उच्चार, कारण मराठीत ही नावं इंग्रजीवरून लिहिली की बिघडतात. क्रोएशियनमधला जे म्हणजे आपला 'य'. म्हणून क्लबचं नाव हजदुक नव्हे, हायदुक. आणि टोपणनाव बजदो नव्हे, बाय्दो. सी अक्षर 'त्स'सारखं, त्यावर खूण असली की 'च'. म्हणून त्याच्या राष्ट्रीय संघातल्या सोबत्यांची नावं मितिच, चायकोव्स्की, झेबेत्स. 'हायदुक' हा तुर्की अमलाखालच्या बंडखोरांसाठीचा शब्द. 1911 साली प्रागमध्ये शिकणाऱ्या स्प्लिटच्या विद्यार्थ्यांनी एका बिअर हॉलमध्ये बसून हा क्लब काढला.

झाग्रेबचा मुलगा, स्प्लिटचा लाडका

वुकासचा जन्म 1 मे 1927चा. झाग्रेब आणि स्प्लिट या दोन शहरांमधली फुटबॉलची चुरस जुनी. एक आतल्या प्रदेशातली राजधानी, दुसरं दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरचं बंदर. अशा वेळी राजधानीतला पोरगा समुद्रकाठी जाऊन तिथल्या लोकांच्या गळ्यातला ताईत होतो, ही साधी गोष्ट नाही. 1947च्या सुमाराला तो हायदुकमध्ये आला आणि पुढची दहा वर्षं तिथेच राहिला.

तेव्हा हायदुकचं मैदान होतं 'स्तारी प्लात्स', म्हणजे शब्दशः जुनं मैदान. आजचं पोल्युद स्टेडियम 1979चं. वुकासचा सगळा काळ त्या जुन्या जागेत गेला.

हायदुकने त्याच्या काळात तीन वेळा युगोस्लाव्ह लीग जिंकली: 1950, 1952 आणि 1954-55. यातली 1950ची मोहीम वेगळी. तेव्हा हंगाम एकाच वर्षात, वसंतापासून शरदापर्यंत चालला. दहा क्लब, प्रत्येकाचे 18 सामने, आणि हायदुक एकही हरला नाही. जिंकल्यास दोन गुण आणि बरोबरीला एक, अशी तेव्हाची पद्धत होती. आज विजयाला तीन गुण असल्यामुळे बरोबरी म्हणजे दोन गुण गमावणं वाटतं. तेव्हा बरोबरी झाली तर अर्धी कमाई शाबूत राहत असे, त्यामुळे बाहेरगावी जाऊन न हरणं हेच मोठं धोरण होतं. अपराजित हंगामाचं कौतुक करताना हा हिशेब विसरू नये. तरीही, युगोस्लाव्ह लीग कायमची बंद होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही क्लबला हे जमलं नाही.

त्याच हंगामात, 29 ऑक्टोबर 1950ला स्प्लिटमध्ये बेलग्रेडच्या त्सर्वेना झ्वेज्दाशी सामना झाला. आदल्या दिवशी 'तोर्त्सिदा' हा चाहत्यांचा संघ स्थापन झाला होता. त्या वर्षीच्या वर्ल्ड कपमधल्या ब्राझिली प्रेक्षकांवरून हे नाव घेतलं होतं. घंटा, शिट्ट्या, आरडाओरडा, सगळं आणलं. हायदुकने 2-1 असा सामना मारला, निर्णायक गोल बोझो ब्रोकेताचा, शेवटच्या काही मिनिटांतला. पण हा जल्लोष सरकारला रुचला नाही. कप्तान फ्राने मातोशिच यांना कम्युनिस्ट पक्षातून काढलं, तोर्त्सिदाच्या म्होरक्याला तुरुंगवास झाला. फुटबॉलच्या मैदानावरचा गोंगाटसुद्धा राजकारणात धरला जाई, असा तो काळ.

मैदानावर त्याची जागा कुठली

आज 'स्ट्रायकर' म्हटलं की एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. 1950च्या आसपास आघाडीची फळी पाच जणांची असे. त्या रचनेला डब्ल्यू-एम म्हणत. वरून पाहिलं तर पुढचे पाच डब्ल्यूच्या टोकांवर, मागचे पाच एमच्या टोकांवर. मागे तीन: दोन बाजूंना बॅक, मध्ये स्टॉपर. त्यांच्या पुढे दोन हाफ. मग दोन 'इन', म्हणजे राइट इन आणि लेफ्ट इन. सगळ्यांत पुढे दोन टोकांना राइट आउट, लेफ्ट आउट आणि मध्ये सेंटर फॉरवर्ड.

वुकासची मूळ जागा लेफ्ट इन, म्हणजे 10 नंबर. पण तो लेफ्ट आउटलाही खेळे आणि राष्ट्रीय संघात कित्येकदा सेंटर फॉरवर्डलाही. त्याची खासियत ड्रिबलिंग. डब्ल्यू-एममध्ये ड्रिबल करणारा लेफ्ट इन इतका त्रासदायक का ठरतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

या रचनेत कोणी कोणाला धरायचं ते ठरलेलं असे. स्टॉपर सेंटर फॉरवर्डला, बॅक आउटवाल्यांना, हाफ इनवाल्यांना. म्हणजे वुकासच्या वाट्याला समोरचा राइट हाफ. सगळं माणसागणिक ठरलेलं असल्यामुळे मागे मोकळा बचावपटू कोणीच नाही. वुकासने राइट हाफला चकवलं की राइट बॅकसमोर पेच उभा राहतो. पुढे होऊन वुकासला अडवलं तर डाव्या टोकाचा झेबेत्स मोकळा. झेबेत्सपाशी थांबलं तर वुकास सरळ पेनल्टी एरियात. स्टॉपर मदतीला सरकला तर मधला मोकळा. एका माणसाला चकवल्याने तिघांचं गणित कोसळतं. गोल शेवटी कोणाच्याही नावावर लागो, ती साखळी तुटली कुठून ते पाहिलं पाहिजे.

याची दुसरी बाजूही आहे. लेफ्ट इनवर मागे येऊन हाफला मदत करायची जबाबदारी असते. त्याने एक चकवा जास्त घेतला आणि चेंडू गेला, तर समोरचा राइट हाफ चेंडूसकट मोकळा धावत सुटतो, आणि आपल्या लेफ्ट हाफला एकट्याने दोघांना तोंड द्यावं लागतं. ड्रिबलर असलेल्या संघाचे गुणफलक 5-3, 4-4 असे का दिसतात, त्याचं एक कारण हे.

चेंडूचाही विचार करा. चामड्याचे पट्टे शिवलेला, आत फुगा, आणि तोंडाशी वादी बांधलेला चेंडू तेव्हा सर्रास वापरात होता. नियमाने सामना सुरू होताना वजन 14 ते 16 औंस, म्हणजे साधारण 400 ते 450 ग्रॅम, आजच्याइतकंच. पण त्या चामड्याला पाणी शोषायची सवय. पाऊस झाला की तासाभरात चेंडू जड होतो, लांब पास अर्ध्यात पडतो, आणि वादीवर डोकं लागलं तर कपाळावर वळ. बूट घोट्यापर्यंतचे, तळाला चामड्याचे स्टड खिळ्यांनी ठोकलेले. असं सामान पायात असताना वेगात, पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू खेळवत नेणं म्हणजे काय, ते आजच्या हलक्या बुटांत खेळणाऱ्याने ताडून पाहावं.

शून्य गोलांचे दोन वर्ल्ड कप

1950चा ब्राझील वर्ल्ड कप. युगोस्लाव्हियाने स्वित्झर्लंडला 3-0 आणि मेक्सिकोला 4-1 हरवलं. गटातून एकच संघ पुढे जाणार होता. ब्राझील स्वित्झर्लंडशी 2-2 बरोबरीत अडकल्यामुळे त्यांचे तीन गुण, युगोस्लाव्हियाचे चार. म्हणजे 1 जुलैला माराकानावर युगोस्लाव्हियाला नुसती बरोबरी पुरेशी होती. मैदानात उतरायच्या आधीच राइको मितिचचं डोकं लोखंडी तुळईवर आपटून फुटलं. बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. दहा जणांनी सुरुवात केली आणि चौथ्या मिनिटाला ब्राझीलच्या आदेमिरने गोल मारला. मितिच डोक्याला पट्टी बांधून आला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या अर्धात झिझिन्योने 2-0 केलं. वुकास त्या दिवशी संघात होता. मितिच बाहेर असताना समोरच्यांचा एक माणूस मोकळा राहिला, आणि वर सांगितलेल्या माणसागणिक पद्धतीत तेवढं बस होतं.

1954ला स्वित्झर्लंडमध्ये फ्रान्सला 1-0 हरवलं, तो गोल मिलुतिनोविचचा. ब्राझीलशी जादा वेळेनंतर 1-1, गोल झेबेत्सचा. उपांत्यपूर्व फेरीत पश्चिम जर्मनीकडून 0-2: पहिला गोल होर्व्हातचा स्वतःच्याच जाळ्यात, दुसरा हेल्मुट रानचा, शेवटच्या पाच मिनिटांत. वुकासच्या नावावर इथेही काही नाही. तो मधल्या जागेवर खेळत होता, पण मागे येऊन चेंडू घेणारा, स्टॉपरला जागेवरून ओढून काढणारा सेंटर फॉरवर्ड म्हणून. अशा खेळाडूला आता पन्नास नावं आहेत. तेव्हा त्याला नाव नव्हतं, त्यामुळे 'सेंटर फॉरवर्ड असून गोल नाही' एवढंच कागदावर उरलं.

हेलसिंकीचा हिशेब

हे म्हणणं तपासायला 1952चं ऑलिंपिक उत्तम, कारण तिथली आघाडीची फळी जवळपास तीच राहिली: ओग्न्यानोव, मितिच, वुकास, बोबेक, झेबेत्स. मधोमध वुकास. संघाने स्पर्धेत 26 गोल केले. झेबेत्सचे सात, मितिचचे सहा, ओग्न्यानोवचे चार, आणि बोबेक, झ्लात्को चायकोव्स्की व वुकास यांचे तीन-तीन. मधल्या माणसाचे तीन आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्यांचे धो धो. भारताविरुद्धचे दहा बघा: झेबेत्स चार, आणि वुकास, मितिच, ओग्न्यानोव प्रत्येकी दोन. टोकाचे दोघेच सहा गोल करून गेले. मधल्याने जागा रिकामी केली की टोकाचे आत घुसतात.

पुढचा सामना 20 जुलैला तांपेरेत, सोव्हिएत संघाशी. युगोस्लाव्हियाचा टिटो आणि सोव्हिएत संघाचा स्टालिन यांचं 1948 साली फाटलं होतं, त्यामुळे हा सामना नुसता सामना नव्हता. युगोस्लाव्हिया 5-1ने पुढे, आणि उरली होती जेमतेम पंधरा मिनिटं. तिथून बोब्रोव्ह आणि मंडळींनी चार गोल फेडले. 5-5. जादा वेळेतही निकाल लागला नाही. पेनल्टी शूटआउट तेव्हा नव्हतं, म्हणून दोन दिवसांनी पुन्हा खेळले आणि युगोस्लाव्हियाने 3-1 मारला. पाच गोल मारूनही सामना हातचा का निसटला? तीच उलटी बाजू: पाच जण पुढे, दोन्ही 'इन' दमलेले, मागे परत येत नाहीत, आणि ताज्या दमाचा माणूस आणायची सोय नाही. डेन्मार्कला 5-3 हरवलं तेव्हा पाच गोल पाच वेगवेगळ्या खेळाडूंचे, त्यात वुकासचा एक. जर्मनीला 3-1. अंतिम फेरीत हंगेरीने 2-0 हरवलं. त्यात युगोस्लाव्हियाचा गोलकीपर बेआराने पुश्काशची पेनल्टी अडवली होती, तरी पुढे पुश्काशनेच कोंडी फोडली. रौप्यपदक.

भारताचा धागा इथेच पुरा करतो. चार वर्षांनी मेलबर्नला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. वुकास त्या संघात नव्हता. या वेळी आपले खेळाडू बूट घालून उतरले होते आणि पहिला गोल आपण केला: मुंबईच्या मैदानांवर खेळणारा, गोव्याच्या मुळाचा नेव्हिल डिसूझा. शेवटी 4-1ने हरलो, पण 10-1 आणि या सामन्यातलं अंतर गुणफलकापेक्षा बरंच मोठं आहे.

वेम्बली आणि बेलफास्ट

वुकासची खरी पावती दोन सामन्यांत आहे, आणि दोन्ही त्याच्या देशाचे नाहीत.

21 ऑक्टोबर 1953. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनला 90 वर्षं झाली म्हणून वेम्बलीवर इंग्लंड विरुद्ध उर्वरित जग असा सामना ठेवला. जगाच्या संघातली आघाडी: बोनिपेर्ती, कुबाला, नॉर्डाल, वुकास, झेबेत्स. म्हणजे डावी जोडी अख्खी झाग्रेबची. मागे झ्लात्को चायकोव्स्की, आणि गोलमध्ये झेमानच्या जागी नंतर बेआरा आला. एका युगोस्लाव्हियातून चौघे. अशा निवडक संघाची नेहमीची अडचण म्हणजे एकमेकांची सवय नसते, पास कुठे येणार ते ठाऊक नसतं. डाव्या बाजूला ती अडचण आपोआप सुटली होती. कुबाला आणि बोनिपेर्तीने दोन-दोन गोल केले. जगाचा संघ जिंकतच होता, पण अखेरच्या मिनिटाला आल्फ रॅम्सीने पेनल्टीवर 4-4 केलं. महिनाभराने हंगेरीने याच मैदानावर इंग्लंडला 6-3 धुतलं आणि सगळा इतिहास त्याच सामन्याला चिकटला. ऑक्टोबरची धोक्याची घंटा मागे पडली.

13 ऑगस्ट 1955, बेलफास्टचं विंडसर पार्क. आयरिश असोसिएशनचा 75वा वर्धापन, ग्रेट ब्रिटन विरुद्ध उर्वरित युरोप. ब्रिटनच्या संघात जॉन चार्ल्स, ब्लँचफ्लॉवर, स्टॅन्ली मॅथ्यूज, लिडेल. युरोपकडे कोपा, ओक्विर्क, योंके, त्रावासोश, व्हिन्सेंट. ब्रिटनकडून जॉन्स्टनने आधी गोल केला, व्हिन्सेंटने फेडला. त्यानंतरचे तिन्ही गोल वुकासचे. 4-1. ब्रिटिश बेटांवर, त्यांच्या चारही देशांच्या निवडक संघाविरुद्ध हॅट्ट्रिक. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला एकच दिवस निवडायचा तर हा. 'त्याला गोल मारता येत नव्हते' म्हणणाऱ्याला उत्तर द्यायलाही हाच पुरेसा आहे.

ते वर्षच त्याचं होतं. 1954-55च्या लीगमध्ये 20 गोल करून तो प्रेदराग मार्कोविच आणि कोस्ता तोमाशेविच यांच्याबरोबर संयुक्तपणे अव्वल ठरला. 14 क्लबांच्या लीगमध्ये 26 फेऱ्या असत, त्या मानाने हे भरघोस. आणि 3 एप्रिल 1955ला हायदुकने झाग्रेबला जाऊन दिनामोला 6-0 हरवलं, त्यात वुकासचे तीन. जन्मगावात, जन्मगावच्या क्लबाला. स्प्लिटमध्ये हा निकाल अजून तोंडपाठ असतो.

मग जग विसरलं का

एक कारण तारखेत आहे. युरोपातल्या क्लबांचा युरोपियन कप 1955च्या शरदात सुरू झाला. हायदुक तेव्हा युगोस्लाव्हियाचा विजेता, पण पहिल्या स्पर्धेत गेला बेलग्रेडचा पार्टिझान क्लब. हायदुक त्या स्पर्धेत पहिल्यांदा खेळला 1971-72मध्ये. म्हणजे ज्या स्पर्धेने दी स्तेफानो, कोपा यांची नावं घरोघरी नेली, तिथे वुकास ऐन भरात असताना पोचलाच नाही. दुसरं कारण, ज्या देशाकडून तो खेळला तो देशच नकाशावर राहिला नाही. युगोस्लाव्हियाचे विक्रम सांगताना बोबेकचे 63 सामन्यांतले 38 गोल पुढे येतात, क्रोएशियाचे सांगताना मोजणी 1990नंतर सुरू होते. वुकास दोन्हींच्या फटीत.

1957ला, तिशीत, तो इटलीत बोलोन्याकडे गेला. दोन हंगाम. इटलीतला बचाव माणसागणिकच, पण जास्त घट्ट आणि मागे एक राखीव माणूस ठेवण्याकडे झुकत चाललेला. वर सांगितलेली साखळी तिथे तुटत नाही: राइट हाफला चकवलं की समोर आणखी एक जण तयार. तिशीतल्या ड्रिबलरला ती हवा मानवणारी नव्हती. 1959ला तो हायदुकमध्ये परतला, 1963पर्यंत खेळला, मग ऑस्ट्रियात क्लागेनफुर्ट, ग्राझ, काप्फेनबर्ग असे शेवटचे मुक्काम. 4 एप्रिल 1983ला झाग्रेबमध्ये त्याचं निधन झालं, वय 55.

शेवटी आकड्यांबद्दल, कारण प्रश्नमंजूषांमध्ये इथे हमखास घोळ होतो. हायदुककडून 615 सामने, 300 गोल असा जो आकडा छापला जातो, त्यात मैत्रीपूर्ण सामने धरलेले आहेत. तेव्हाचे क्लब दौऱ्यांवर जगत, परदेशात जाऊन ओळीने सामने खेळत, आणि ते सगळे क्लबच्या वहीत चढत. हा आकडा आजच्या खेळाडूच्या लीगमधल्या गोलांशेजारी ठेवू नका. लीगपुरतं बोलायचं तर 1954-55चे 20 गोल घ्या, राष्ट्रीय संघाचं बोलायचं तर 59 आणि 22. बेलफास्टचे तीन मात्र यातल्या कुठल्याच रकान्यात सापडणार नाहीत. तो सामना कोणत्याही देशाच्या खात्यात जमा होत नाही.